चार बोटांचं वल्हं

अब्बा बहरीनला आले तेव्हा त्यांच्यासोबत एक छोटी बॅग, एक चाकाची खुर्ची आणि एक शब्द होता. बॅगेत काय आहे ते पहिल्याच संध्याकाळी कळलं. शब्द कोणता, हे कळायला आम्हाला जवळजवळ तीन महिने लागले. व्हिजिट व्हिसाही तेवढाच होता.

लकवा त्यांना गावी मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. वाचा जाणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हे. माझे अब्बा रत्नागिरीकडच्या एका खाडीवर तर, म्हणजे पैलतीराची होडी, चालवायचे. या काठाची माणसं, बकऱ्या, सायकली होडीत घालून त्या काठाला सोडायची, तिकडची इकडे आणायची. पुढे पूल झाला आणि तर बंद पडली. अब्बांचं बोलणं मात्र बंद पडलं नाही. ते धक्क्यावर बसून दुसऱ्यांच्या होड्यांना नावं ठेवू लागले. होडी, वारा, भरती, दोरखंड यांबद्दल कोणी चुकीचं बोललं की ते ताटावरून उठत. माझ्या लग्नात नवरीकडचा एक पाहुणा सहज म्हणून गेला, "ओहोटीला होडी हलकी होते." अब्बा नवरदेवाला मांडवात सोडून त्या पाहुण्याला हाताला धरून खाडीवर घेऊन गेले. बिर्याणी थंड झाली. पाहुणा परत आला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती, आणि तो पुन्हा कधी होडीबद्दल बोलला नाही.

अशा माणसाकडे आता एकच शब्द शिल्लक होता. भाईजान, म्हणजे माझे थोरले भाऊ, फोनवर म्हणाले, "अल्लाचं नाव घेतायत रे. सारखं अल्ला, अल्ला चाललंय. मोठी माणसं अशीच असतात." अब्बा नमाजी होते हे खरं, पण इतके नव्हते. तीन महिने तू सांभाळ, तिकडे डॉक्टर चांगले आहेत, असं ठरलं आणि मी त्यांना घेऊन आलो.

विमानतळाबाहेर टॅक्सीत बसवताना अब्बा तो शब्द बोलले. बहरीनी ड्रायव्हर खूश होऊन मागे वळला.

"वल्ला, हज्जी! वल्ला!"

इथं वल्ला म्हणजे देवाशपथ, आणि इथला माणूस दर वाक्याला देवाची शपथ घेतो. ऊन आहे, वल्ला. मासा ताजा आहे, वल्ला. उद्या नक्की येतो, वल्ला. मग मलाही तसंच ऐकू येऊ लागलं. आठवड्याभरात नईममधल्या आमच्या गल्लीत अब्बा लोकप्रिय झाले. रोटीवाल्या भट्टीसमोर आमच्या इमारतीचे म्हातारे घरमालक स्टूल टाकून बसत. ते अब्बांना अरबीत काहीबाही सांगत, अब्बा म्हणत वल्ला, आणि मालक मान डोलवत. इतका सहमत होणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मीही जन्मात पाहिला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटायची.

बोलणं शिकवायला जी थेरपिस्ट होती ती केरळची. तिला मराठी येत नव्हतं, अब्बांना आता काहीच येत नव्हतं, आणि मधे मी दुभाषा. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "फॅमिली को बोलना है. बहुत बोलना है. जो आना है, इसी टाइम में आएगा. बाद में मुश्किल." मी विचारलं, काय बोलू? ती म्हणाली, "कुछ भी. उनको हँसी आए, गुस्सा आए, सब अच्छा."

माझा आणि अब्बांचा इतिहास पाहता हसू आणणं कठीण होतं. राग आणायचा अनुभव मात्र भरपूर होता.

रागाचं दार माझ्या मुलीने उघडलं. ती तेरा वर्षांची, शिकते इंग्रजीत. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि घरात बसल्या बसल्या दोन देशांचा व्यवहार चालतो. तिला शाळेत प्रोजेक्ट होता, उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या इनुइट लोकांच्या कायाकचा. कायाक म्हणजे एका माणसाची अरुंद होडी, सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून केलेली. तिने टॅबवर त्या होडीच्या वल्ह्याचं चित्र काढून ठेवलं होतं, आणि पॅडलला आपल्यात काय म्हणतात असं मला इंग्रजीत विचारलं.

"वल्हं," मी म्हणालो.

खुर्चीतल्या अब्बांची मान गर्रकन वळली. त्यांनी डावा हात टॅबवर आपटला.

"वल्हं!"

माझी बायको स्वयंपाकघरातून पळी घेऊनच बाहेर आली. "अहो! वल्ला नाही म्हणत ते. वल्हं म्हणतायत, वल्हं!"

आम्ही तिघं हसलो, मग बायको पदराने डोळे पुसत आत गेली. दोन आठवडे अख्खं नईम त्यांच्याशी अल्लाच्या शपथेवर बोलत होतं, आणि बिचारे वल्हं मागत होते. निदान आम्हाला तसं वाटलं.

पण आपटण्याचं कारण वेगळं होतं. अब्बांना ते चित्र आवडलं नव्हतं. आमच्याकडचं वल्हं म्हणजे बांबूला ठोकलेली चांगली रुंद फळी. पाण्यात घातली की पाणी म्हणेल, आलात? या इनुइट वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती, आणि पातं कसलं, जेमतेम चार बोटं रुंद. दुरून पाहिलं तर कपडे वाळत घालायची काठी. मी मुद्दाम म्हणालो, "अब्बा, आपल्यापेक्षा हे वल्हं बरं दिसतंय." त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. लकवा मारल्यापासून प्रथमच मला माझे अब्बा दिसले.

तेव्हापासून दर शुक्रवारी जेवण झालं की आमच्या घरी वल्ह्याची सभा भरू लागली. विषय एकच: हे वल्हं इतकं अरुंद का? नियमही एकच: थिअरी चुकीची पाहिजे. अब्बांना इतकी चीड आली पाहिजे की ती त्या एका शब्दात मावू नये, आणि दुसरा शब्द बाहेर पडावा. कोणताही चालला असता. "गाढवा" चालला असता. खरं तर मी त्याचीच वाट बघत होतो.

खरं कारण मुलीच्या पुस्तकात होतं: तिकडे झाडंच उगवत नाहीत, समुद्र वाहून आणेल त्या लाकडावर भागवायचं. ते मी पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं. अब्बांनी नुसती मान हलवली. खरं बोललं की त्यांना काही होत नसे.

मग बायको म्हणाली, "मी सांगते. पहिलं वल्हं आपल्यासारखंच रुंद होतं. पण घरात सरपण नाही, थंडी ही एवढी. बाई दर हिवाळ्याला नवऱ्याची नजर चुकवून थोडंथोडं तासून चुलीत घालायची. नवऱ्याला वाटायचं, पाण्याने झिजलं."

"आणि नवऱ्याच्या लक्षात नाही आलं?" मी विचारलं.

"तुमच्या आलंय का कधी काही?"

अब्बांचा डावा पाय हलला.

आमच्या सभेला एक बाहेरचा सभासद होता. सनाबिसला राहणारा, माझ्याच कंपनीतला ड्राफ्ट्समन. मी एसीचा मेंटेनन्स बघतो, तो नकाशे काढतो. नागपूरकडचा बौद्ध माणूस, आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात दरवर्षी भाषण करणारा. बहरीनला येईपर्यंत त्याने समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे होडीबद्दल तो फार आत्मविश्वासाने बोले.

"चाचा, हे सगळे चुकून राहिले," तो अब्बांच्या खुर्चीशी मांडी घालून म्हणाला. "ही ड्रॉइंगची मिस्टेक हाय. वल्हं होतं परातीएवढं. कोण्या शहाण्याने त्याचा नकाशा काढला, अन् सुताराच्या हाती निस्ता साइड व्ह्यू पडला. बाजूनं पाहिलं तर परातसुद्धा काठीच दिसते न! त्यानं काठी बनवली."

"मग पुढे कोणी सुधारली नाही?" बायको म्हणाली.

"रिव्हिजन आलीच नाही न भाभी. अदलियाच्या आपल्या ऑफिसात तेच होऊन राहिलं. मागच्या महिन्यात एका हॉटेलात असाच डक्ट बसवला. थंड हवा सगळी पार्किंगमध्ये."

मी हसलो, कारण तो डक्ट मीच बसवला होता.

अब्बा लाल झाले. ओठ पुढे आले, गळ्याची शीर तटतटली. आम्ही चौघं श्वास रोखून बसलो. दाताशी काहीतरी आलं, दाताशी येऊन थांबलं, आणि मग तेच बाहेर पडलं. "वल्ह..." त्यांनी डोळे मिटले. त्यांना कळत होतं की हा तो शब्द नव्हे. हे पाहणं सगळ्यात वाईट होतं. आपल्या गावची बस म्हणून माणूस धावत जाऊन चढतो आणि ती दुसऱ्याच गावची निघते, तसा चेहरा.

असे सात-आठ शुक्रवार गेले. सील माशांना वल्हं दिसू नये म्हणून, अशी एक थिअरी झाली. जेवताना कालवणाच्या हंड्यात घालता यावं म्हणून, अशी एक. एकदा मी माझी मांडली, आणि मला ती फार आवडली होती. "तिकडे सहा महिने रात्र," मी म्हणालो, "घरात सासू, बायको, तिचे प्रश्न. रुंद वल्हं घेतलं तर माणूस तासाभरात घरी पोचेल. कोणाला पोचायचंय? हे घरी जायची घाई नसलेल्या माणसाचं वल्हं आहे. येतो येतो म्हणायचं आणि पाणी नुसतं ढवळायचं."

ड्राफ्ट्समन मोठ्याने हसला. बायको हसली नाही.

"म्हणजे तुमचंच की," ती म्हणाली. "बावीस वर्षं झाली. पुढच्या वर्षी कायमचे जाऊ, पुढच्या वर्षी कायमचे जाऊ."

यावर विनोद करायला मी तोंड उघडलं आणि अब्बांकडे वळलो. अब्बा माझ्याकडे बघत होते. रागावलेले नव्हते. त्या शुक्रवारी त्यांनी त्यांचा शब्दही काढला नाही.

थेरपिस्ट दर वेळी कागदावर काहीतरी लिही आणि माझ्याकडे न बघता म्हणे, "कोशिश करते रहो." पुढे तिने लिहिणंही कमी केलं. व्हिसाचे अठरा दिवस उरले तेव्हा मी शेवटचा उपाय काढला. वल्हं मागतायत ना? वल्हं हातात द्यावं. हात तीस वर्षं वल्हं धरून होता. हाताला आठवलं तर जिभेला आठवेल.

आता बहरीनमध्ये वल्हं कोण देणार? दुकानात प्लास्टिकची मिळतात, भडक पिवळी. ती अब्बांच्या हातात दिली असती तर दुसरा झटका आला असता. शेवटी आमच्या गोदामात कॉम्प्रेसर येतात त्या खोक्याच्या पट्ट्या उचलल्या. हलकं, पांढरं लाकूड. मला अब्बांच्या वल्ह्यासारखं रुंद करायचं होतं, पण पट्टीच चार बोटांची. दोन लांब पट्ट्या एकीला एक जोडल्या, ड्राफ्ट्समनने मापं काढून दिली (या वेळी तिन्ही बाजूंनी), आणि गच्चीवर मी संध्याकाळी कामावरून आल्यावर रंधा मारत बसलो. अंगठ्याला दोनदा लागलं. तयार झालं ते साडेसात फुटांचं, दोन्ही टोकांना अरुंद पाती असलेलं, हुबेहूब टॅबवरच्या चित्रासारखं. लाकूड नसलेल्या मुलखात वल्हं असंच होतं. मुलीच्या पुस्तकातली थिअरी मी घाम गाळून सिद्ध केली, आणि तिचा आम्हाला काही उपयोग नव्हता.

निघण्याआधीच्या शुक्रवारी, उन्हं उतरल्यावर, ड्राफ्ट्समनच्या गाडीतून आम्ही किनाऱ्यावर गेलो. इथला समुद्र उथळ. ओहोटीला तर कितीही आत चाला, गुडघाच भिजतो. अब्बांची खुर्ची आम्ही उचलून अगदी पाण्याशी नेऊन ठेवली. मी वल्हं त्यांच्या मांडीवर आडवं ठेवलं.

त्यांनी डाव्या हाताने ते धरलं. अंगठा पात्यावरून फिरवला, दांड्यावरून फिरवला, जोड लागला तिथे थांबवला. जोड जरा वर आलेला होता. मला वाटलं, आता. आता शिवी येणार.

मुलगी त्यांच्यासमोर वाळूत बसली. तिने बहुधा घरून पाठ करून आणलं होतं. "दादा," ती म्हणाली, आमच्यात आजोबांना दादा म्हणतात, "हे वल्हं नाहीच. हे घावन पलटायचं आहे. मोठ्ठं घावन. इनुइट घावन."

तिने आयुष्यात एका दमात बोललेलं ते सगळ्यात लांब मराठी. बायको तोंडाला पदर लावून हसली. अब्बा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी वल्ह्याचं एक टोक उचललं आणि माझ्या छातीला लावून मला ढकललं.

"वल्ह..."

"हो अब्बा, वल्हंच आहे. तुमचंच आहे. धरा."

त्यांनी पुन्हा ढकललं, जोरात. माझा हात दांड्यावर गेला तसा त्यांनी आपला काढून घेतला. आणि या वेळी वारा नव्हता, एसीचा आवाज नव्हता, भट्टीवरची माणसं नव्हती. शब्दाच्या शेवटी ओठ मिटत येतात तेवढा एक बारीक व मला ऐकू आला.

"वल्हव."

शाळेच्या सुट्टीत मी तरीवर पुढच्या बाजूला बसायचो. अब्बा मागे, मोठ्या वल्ह्यावर. काठाजवळ ते मला काही सांगत नसत. पण बरोबर मधे, जिथं प्रवाह ओढतो, तिथं माझे हात भरून यायचे आणि मी वल्हं आत घेऊन बसायचो. मग मागून आवाज यायचा, वल्हव. रडलो तरी वल्हव. एकदा मी चिडून विचारलं होतं, नाही वल्हवलं तर काय होईल? ते म्हणाले होते, "काही नाही होत. मधे थांबलास की कुठं जायचं ते खाडी ठरवते."

तीन महिने त्यांनी काहीच मागितलं नव्हतं. ते टॅक्सीवाल्याला सांगत होते, थेरपिस्टला सांगत होते, घरमालकांना सांगत होते, मला तर रोज सांगत होते. आणि आम्ही समोर बसून घावन पलटत होतो.

कुठं जायचंय ते मला माहीत होतं. खाडीवरच्या घराला कुलूप होतं. भाईजान तालुक्याच्या गावी दुसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांच्या गॅलरीतून पाण्याची टाकी सोडून कुठलंही पाणी दिसत नाही. अब्बा तिकडेच जाणार होते.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी पँट वर दुमडली आणि पाण्यात उतरलो. गुडघाभर पाण्यात उभं राहून, पोट सावरत, पन्नाशीचा माणूस वल्हं मारू लागला. डावीकडे एक, उजवीकडे एक. होडी नाही, त्यामुळे पाणीच मागे जायचं आणि परत यायचं. मी काठाकडे बघत होतो. अब्बांचे डोळे माझ्या हातांवर होते. थांबलो की आवाज यायचा.

थोड्या अंतरावर एक बहरीनी म्हातारा गळ टाकून बसला होता. त्याने बराच वेळ पाहिलं. मग हिंदीत ओरडला, "सदीक! बोट किदर?"

"बोट मफी," मी म्हणालो. सदीक म्हणजे दोस्त, मफी म्हणजे नाही.

"वल्ला?"

"वल्हव," अब्बा काठावरून म्हणाले.

म्हाताऱ्याचं समाधान झालं. त्याने मान डोलावली आणि गळाकडे वळला.

मी दमेपर्यंत वल्हवलं. दमायला फार वेळ लागला नाही. ड्राफ्ट्समनने पाण्यात येऊन माझ्या हातातून वल्हं घेतलं. परतताना गाडीत ते मावेना, म्हणून खिडकीतून बाहेर काढून धरलं.

चार दिवसांनी मी अब्बांना पोचवून आलो. वल्हं विमानात घेतलं नाही. घ्यायचा प्रयत्नही केला नाही, उगाच का सांगू. ते इथं दाराच्या मागे उभं आहे. बायको त्याने कोळिष्टकं काढते. म्हणते, याच्यासाठीच बनवलं असणार, ही खरी थिअरी.

भाईजानांना मी शब्दाचं सांगितलं नाही. अब्बा अल्लाचं नाव घेतात, याचा त्यांना मोठा आधार होता, आणि अब्बांची रात्रंदिवस उठबस भाईजानच करतात. धाकट्याने तेवढा आधार काढून घेऊ नये. दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल होतो. पहिले काही आठवडे अब्बा मला बघून तेच म्हणायचे, वल्हव, आणि मी म्हणायचो, हो अब्बा. पुढच्या वर्षी, असंही एकदा तोंडातून गेलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

मागच्या शुक्रवारी भाईजान म्हणाले, "आता ते पण बंद झालं रे. आठवडा झाला. अल्लाचं नाव पण नाही."

फोन त्यांनी अब्बांसमोर धरला. अब्बा फोनच्या जरा वर, भिंतीकडे बघत होते. मी दारामागून वल्हं काढलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. मावलं नाही, नुसतं चार बोटांचं पातं दिसलं असेल. मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली.

"अब्बा," मी म्हणालो, "परवा एकजण सांगत होता. ओहोटीला होडी हलकी होते, म्हणून वल्हं बारीक."

अब्बांच्या डोळ्याचं पातं लवलं. तेवढंच.

"बोल, बोल," पलीकडून भाईजान म्हणाले. "ऐकतायत."

मग मी म्हणालो, वारा नेहमी होडीच्या पोटातून येतो. भरती रविवारी सुट्टी घेते. दोर जितका जुना तितका मजबूत, आणि वल्हं उलटं धरलं की घर जवळ येतं. मुलीने मध्येच घावन घातलं. होडीबद्दल इतकं चुकीचं आमच्या घरात आजवर कोणी बोललं नव्हतं.

कोणी रागावलं नाही.